वैश्वानराची पंगत

काल्याचे कीर्तन आटोपले, हंडी फुटली, लाह्यांचा प्रसाद वाटला गेला आणि पंक्ती बसल्या. खानदेशातल्या सप्ताहाची पंगत ज्याने एकदा जेवली त्याला वेगळे सांगायला नको. तुपात चुरलेली बट्टी, तुरीचे दाट वरण, घोटलेली वांग्याची भाजी आणि वर बुंदी. गाव नंदुरबार जिल्ह्यातले, तळोदा तालुक्यातले, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. आदल्या रात्रीच कीर्तनात आम्ही गीतेच्या पंधराव्या अध्यायातल्या वैश्वानराचे निरूपण केले होते. भगवंत स्वतः सांगतात की, प्राण्यांच्या देहात मीच अग्निरूपाने राहतो आणि चार प्रकारचे अन्न मीच पचवतो. चावून खायचे, गिळायचे, चाटायचे आणि चोखायचे, असे ते चार प्रकार. श्रोते डोलले. आम्हांलाही आपले निरूपण बरे वाटले.

पंगतीच्या कडेला निंदणीच्या कामासाठी डोंगरावरून उतरलेली एक बाई उभी होती. कडेवर दोन वर्षांचे लेकरू. हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र पुढे आलेले, केस विरळ आणि तांबूस. आम्हांस कालचे आपलेच शब्द आठवले, गहिवरून आले. आम्ही त्या लेकराला जवळ घेतले, वरणात बट्टी कुस्करली, वर तूप ओतले, मूठभर बुंदी दिली. पोर अधाशासारखे खात होते. लोक म्हणाले, "महाराज, आज खरं अन्नदान झालं." आम्हांसही तसेच वाटले, खोटे कशाला बोलावे?

रात्री पोराला वांत्या आणि जुलाब सुरू झाले. सकाळी डोळे खोल गेले होते, रडायला आवाज नव्हता. गावच्या अंगणवाडीच्या ताई धावत आल्या, गाडी मिळवली आणि मायलेकरांना दवाखान्यात घेऊन गेल्या. जाताना त्या आम्हांला एवढेच म्हणाल्या, "महाराज, तुम्ही देवाला विचारलं, गावाला विचारलं. लेकराच्या पोटाला तेवढं विचारलं नाही."

वाचकहो, ते वाक्य आमच्या मनातून आजवर गेले नाही. वैश्वानरावर तासभर बोलणाऱ्या आम्हांस तो वैश्वानर काम कसा करतो याचा पत्ता नव्हता. तेव्हापासून डॉक्टरांना विचारून, पुस्तके चाळून जे कळले ते येथे मांडतो.

पचनाला सुरुवात तोंडातच होते. दिवसाकाठी लीटर-दीड लीटर लाळ तयार होते आणि भाकरीतल्या पिठाची साखर होण्याला तिथेच आरंभ होतो. भाकरीचा घास सावकाश चावीत राहावे, थोड्या वेळाने तो गोड लागू लागतो; हा अनुभव कोणीही घ्यावा. मग वीतभर लांबीच्या अन्ननलिकेतून घास खाली जठरात जातो. तो नुसता पडत नाही, नळीचे स्नायू त्याला ढकलतात. म्हणून आडवा पडलेला रोगीही गिळू शकतो. जठर ही कातडी पिशवीसारखी वस्तू, मोठ्या माणसाची लीटर-दीड लीटर मावेल एवढी. तिच्यात जे आम्ल पाझरते ते इतके कडक असते की, पोटाच्या आतल्या अस्तराला चिकट बुळबुळीत थराचे पांघरूण घालून घ्यावे लागते आणि ते अस्तर दर काही दिवसांनी नवे करावे लागते. नाहीतर आपले जठर आपल्यालाच पचवून टाकील! हे सारे आपण झोपलो तरी चालते. कोणी अहंकाराने म्हणेल, मी जेवलो, मी पचवले. बाबा, तू फक्त घास तोंडात घातलास. पुढचा कारभार दुसऱ्याचा आहे.

या जठराच्या आत पहिल्याने नीट डोकावून पाहिले ते अमेरिकेतल्या एका लष्करी डॉक्टराने. १८२२ साली मॅकिनॅक नावाच्या बेटावर, कातडी-लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या ठाण्यात, सेंट मार्टिन या तरुण मजुराला चुकून बंदुकीचा बार लागला. डॉक्टर बोमाँट यांनी त्याला वाचवले, पण पोटाला पडलेले भोक कायमचे उघडे राहिले. पुढे डॉक्टरांनी त्याला आपल्याकडे चाकरीस ठेवून घेतला. रेशमाच्या दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून ते त्या भोकातून आत सोडीत आणि तासातासाने ओढून पाहत. पचन म्हणजे नुसते कुजणे किंवा दळणे नव्हे, तो रसाचा व्यापार आहे, हे अशा रीतीने उजेडात आले. १८३३ साली त्यांचा ग्रंथ निघाला. त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची. तो मजूर चिडला, भ्याला किंवा खिन्न झाला की जठराच्या आतली कळाच बदले आणि पचन बिघडे. आमच्या आजीबाई पानावर भांडू देत नसत. 'अन्न अंगी लागत नाही' म्हणत. आजीने कोणाच्या पोटात डोकावून पाहिले नव्हते, पण बोलणे खरे होते. जेवायला बसताना नाम घ्यावे ही आपली रीत, ती निदान त्या घटकेपुरता राग बाजूला ठेवते, एवढे तर कोणीही मान्य करील.

(त्या मजुराचा मात्र आम्हांस कळवळा येतो. जगाला ज्ञान झाले, त्याच्या पोटाचे भोक त्याच्यापाशीच राहिले.)

येथे नंदुरबारच्या मिरचीची बाजूही घेतली पाहिजे. हंगामात नंदुरबारच्या पथारीवर लाल मिरच्या वाळत पडतात, तेव्हा सारी जमीन कुंकू सांडल्यासारखी दिसते आणि वाटसरू शिंकत जातो. पोटात व्रण झाला की आपण सरळ तिच्यावर खापर फोडतो. जिभेची आग तिची हे खरे, आणि व्रण झालेल्याला ती झोंबते हेही खरे. पण जठरातले पुष्कळसे व्रण एका वाकड्या जंतूमुळे होतात. हे सिद्ध करण्यासाठी ऑस्ट्रेलियातले डॉक्टर मार्शल १९८४ साली ते जंतू स्वतः प्याले आणि आजारी पडले. २००५ साली त्यांना आणि त्यांचे सहकारी वॉरन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. असो. मिरचीला न्याय मिळाला.

आता मुख्य गोष्ट. जठरातून पातळ लापशीसारखे झालेले अन्न थोडे थोडे करून लहान आतड्यात उतरते. सारे एकदम नाही, बरे का! जठराच्या तोंडाशी जणू एक दारवान बसला आहे, तो घोट घोट सोडतो. खरे पचन येथे, सुमारे वीस फूट लांबीच्या या वेटोळ्यात होते. यकृताकडून पित्त येते, ते तूप-तेलाचे बारीक थेंब करते. स्वादुपिंडाचा रस येतो, तो पीठ, डाळ, स्निग्ध, सगळ्यांना फोडतो. आणि आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी लव असते. लाखो बारीक बोटेच ती. त्या बोटांनी आतडे अन्नाचा रस टिपून रक्तात घेते. ताटातले अन्न पोटात गेले म्हणजे आपले झाले, असे आम्ही समजत होतो. ते खरे नव्हे. पोटात गेलेले अन्नही अजून देहाच्या बाहेरच असते. ही बोटे त्याला आत घेतील तेव्हा ते आपले.

त्या लेकराच्या पोटात हीच बोटे झडून गेलेली होती.

डॉक्टरांनी हे समजावून सांगितले तेव्हा आम्ही सुन्न झालो. लेकरू महिनोन्महिने अर्धपोटी राहिले आणि त्यात वरचेवर गढूळ पाण्याने हगवण लागली की, आतड्यावरची लव खुरटते, बोटे आखूड आणि चपटी होतात. पाचक रसही कमी पडतात. कधी कधी दूधदेखील पचत नाही. म्हणजे भूक केवळ पोट रिकामे ठेवत नाही, ती भरण्याची शक्तीच नेते. आणि मग आमच्यासारखा कोणी दयाळू येतो आणि त्या विझत्या चुलीवर तुपाने माखलेला ओंडका ठेवतो! डॉक्टर भले माणूस. म्हणाले, "सगळा दोष तुमच्या बट्टीचा नाही महाराज, पोराच्या पोटात आधीच जंतू होते, पाणी खराब होतं." पण एवढ्याने आमचे समाधान झाले नाही.

चूल पेटवणारी बाई काय करते? आधी वाळका पाला, मग काटक्या, मग चिपाडे, जाळ धरला म्हणजे लाकूड. पहिल्यानेच ओंडका घातला तर आगही जाते आणि धूर डोळ्यांत जातो. वैश्वानर अग्नी आहे हे आम्ही व्यासपीठावरून सांगत होतो, आणि अग्नीशी कसे वागावे हे ज्या बायका घरोघर जाणतात त्या समोर खाली बसून ऐकत होत्या.

त्या लेकराला पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवले. आम्ही चार-पाच दिवसांनी तेथे गेलो. पाहतो तो काय, एवढ्या उपाशी पोराला वाटीने मोजून दूध! साखर, तेल घालून खास तयार केलेले, पातळ, आणि दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. आम्ही म्हटले, "सिस्टरबाई, एवढ्याने काय होणार?" त्यांनी सांगितले ते असे. फार दिवस उपाशी असलेल्या शरीराने आपला सगळा कारभार मंद केलेला असतो. एकदम भरपूर अन्न दिले तर रक्तातली काही क्षारद्रव्ये झपाट्याने पेशींत ओढली जातात, रक्तात त्यांची तूट पडते आणि हृदय दगा देऊ शकते. म्हणून पहिले काही दिवस थोडे थोडे, आणि भूक परतली, सूज उतरली म्हणजे मग वाढवायचे. १९४५ साली जर्मनीतल्या बंदीछावण्या खुल्या झाल्या तेव्हा सैनिकांनी कळवळून आपल्या शिध्यातले जड अन्न त्या हाडांच्या सापळ्यांना दिले, आणि अन्न मिळाले म्हणून काही माणसे दगावली. दया खोटी नव्हती, पण दयेला डोळे नव्हते.

हे एका लेकराचे रडगाणे म्हणून सोडून देता येत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नंदुरबार जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुले वयाच्या मानाने कमी वजनाची निघाली. अक्कलकुवा आणि धडगावकडच्या पाड्यांवर पावसाळ्यात रस्ता तुटतो, घरातले धान्य सरत आलेले असते, आणि दिवाळीनंतर माणसे ऊसतोडीला गुजरातेत निघतात, ती लेकरांना पाठीशी बांधूनच. ज्या डोंगरउतारावर भगरीसारखी बारीक धान्ये पिकतात तेथली पोरे अर्धपोटी, आणि खाली आपण एकादशीला भगर, साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा असे पोट तडस लागेतो खातो. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी झाली तेव्हा या देशात साबुदाण्याचे कंद नव्हते, बटाटा नव्हता, शेंगदाणा नव्हता. ती सगळी नंतर सातासमुद्रापलीकडून आलेली मंडळी. माउलींच्या काळची एकादशी कशी असेल याचा विचार खिचडीची दुसरी वाटी घेताना करावा. निरोगी मोठ्या माणसाच्या यकृतात एखाद्या दिवसाला पुरेल एवढी साखर साठवलेली असते, ती संपली की चरबी वापरली जाते. म्हणून त्याला एका दिवसाच्या उपवासाने बहुधा अपाय होत नाही. लेकराची कोठी मात्र लहान. उपवास आपण करतो, उपासमार दुसऱ्यावर येते. नाव जवळचे असले तरी घर वेगळे.

यकृताचे नाव निघाले म्हणून एक सांगतो. दीड किलो वजनाचे हे इंद्रिय देहाचे कोठार आणि जकातनाके दोन्ही आहे. आतड्यातला रस आधी याच्यापुढे हजर होतो. दारू प्याली की तिचा सगळा भार यावरच पडतो. याच तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे गुलाम महाराज १९३० नंतरच्या दशकात भिल्ल समाजात उभे राहिले, आणि त्यांच्या शब्दाखातर हजारो माणसांनी दारू सोडली. एकमेकांना 'आप' म्हणा, मान द्या, ही त्यांची शिकवण. यकृताचे शास्त्र त्यांनी सांगितले नाही, पण किती घरांतली चूल त्यांच्यामुळे पेटती राहिली असेल!

जुलाबाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण वारीत आणि सप्ताहात याची गाठ पडतेच. पंढरीच्या वाटेवर पूर्वी पटकीने माणसे पटापट जात. पचनासाठी आतड्यात रोज सहा-सात लीटर रस उतरतो आणि जवळजवळ सगळा परत शोषला जातो. हगवणीत हे परत घेणे थांबते, आणि माणूस आतून आटतो. पण दुखावलेल्या आतड्याचेही एक दार सहसा उघडे राहते. साखर आणि मीठ बरोबर आले की ते दोघांना हात धरून आत घेते, आणि त्यांच्यामागोमाग पाणी जाते. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात साखर-मिठाचे पाणी करून पाजले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसवरून चारच्या आत आले. प्रमाण लक्षात ठेवावे: उकळून गार केलेले एक लीटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त होऊ देऊ नये. दवाखान्यातले पुडके मिळाले तर तेच बरे. घोट घोट पाजावे, आणि लेकराला दवाखान्यात न्यायचे थांबू नये. मीठ स्वस्त, साखर थोडी, पाणी देवाचे. आम्ही त्या रात्री एवढे जाणत असतो तर!

नामदेवरायांची कथा सर्वांस ठाऊक आहे. कुत्र्याने भाकर पळवली, तर ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, देवा, कोरडी खाऊ नकोस म्हणून. आम्ही ही कथा किती वेळा रंगवून सांगितली असेल. पण आमचे लक्ष नेहमी तुपाकडे. नामदेवांचे लक्ष त्या कुत्र्याच्या घशाकडे होते, हे या वयात उमगले. एखाद्या दिवशी तेच नामदेव तूप घरी ठेवून पेजेची वाटी घेऊनही धावले असते.

अंगणवाडीत लेकरांना अमृत आहार योजनेतून अंडे मिळते, न खाणाऱ्यास केळे. काही माळकरी मंडळींनी आम्हांस विचारले, "महाराज, याला विरोध करायचा का?" आमच्या गळ्यात माळ आहे, आमच्या ताटात अंडे येत नाही, येणार नाही. पण दुसऱ्याच्या भुकेल्या लेकराच्या गळ्यात आपला नियम घालण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? हे मत ज्यांना पटणार नाही त्यांनी आम्हांस खुशाल लिहावे. मात्र लिहिण्यापूर्वी एकदा अंगणवाडीत जाऊन यावे. तेथे दंडाला बांधायची एक फीत असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा दंड साडेअकरा सेंटीमीटरहून कमी भरला तर ते अतितीव्र कुपोषित. पायावर सूज असेल, अंगठ्याने दाबल्यावर खळगा तसाच राहत असेल, तरीही लगेच दाखवावे. ती फीत आम्ही हातात धरून पाहिली. एवढासा घेर! आमच्या टाळेची दोरी याहून लांब.

यंदा त्याच गावी पुन्हा सप्ताहाला गेलो. गावकऱ्यांनी आमचे एक मागणे मान्य केले. मोठी पंगत बसण्याआधी लेकरांची वेगळी पंगत, आणि त्यांच्यासाठी मूगडाळीची मऊ खिचडी, केळे, उकळलेले पाणी. वाढपाला अंगणवाडीच्या ताई. विणेकऱ्याशेजारचा मानाचा पाट आम्ही त्यांच्यासाठी मांडला होता, पण त्या काही बसल्या नाहीत, फीत घेऊन फिरत राहिल्या. दोन पोरांना त्यांनी बाजूला काढले आणि त्यांच्या आयांना उद्याच दवाखान्यात चला म्हणून बजावले.

गेल्या वेळचे ते लेकरूही आले होते, आता स्वतःच्या पायांनी. आईने दुरूनच आमच्याकडे पाहिले. आम्हीच उठून गेलो. म्हटले, "माय, जेवण व्हयनं का पोराचं?" ती हसली. पोराने अर्धी वाटी खिचडी संपवली आणि वाटी आमच्यापुढे धरली. आम्ही ताईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "याला द्या महाराज, आता याचं पोट मागतंय. पण तो कोपऱ्यातला धाकटा, त्याला दोन तासांनी."

मोठ्या पंगतीचे बोलावणे आले होते. बट्टी गरम होती. आम्ही त्या धाकट्याजवळ बसून राहिलो.